न चाखलेला दुधी

बायकोनं दुधीची फोड बेसिनमध्ये थुंकली, चूळ भरली, पुन्हा भरली आणि नळ तसाच चालू ठेवून माझ्याकडे वळली.

"अहो, हा कडू आहे."

"असेल थोडासा. उन्हाळ्यात होतं असं."

"थोडासा नाही, कडूजहर आहे. काल कुणाकुणाला दिलेत हे?"

सकाळचे सात वाजून वीस मिनिटं झाली होती. मी फोन हातात घेऊन आमच्या बागवाल्यांच्या ग्रुपवर कुणाकडे काय उमललंय ते बघत बसलो होतो. आम्ही तेवीस जण आहोत. कुणाची गच्ची, कुणाची खिडकी, कुणाचं नुसतं जिन्याखालचं पिंप. उन्हाळाभर रोज सकाळी प्रत्येकानं एक फोटो टाकायचा आणि रविवारी ग्रंथालयामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जमून जास्तीचं एकमेकांना वाटून टाकायचं, असं आमचं ठरलेलं आहे. काल रविवार होता. काल मी माझ्या वेलाचे तीन दुधी वाटले होते आणि चौथा घरी ठेवला होता. बी घरचंच होतं. गेल्या वर्षी पलीकडच्या भिंतीवर कुणीतरी शोभेचे भोपळे लावले होते, ते मी पाहिलंही होतं. त्यांचा पराग लागला तर बी कडू निघतं, तरी धरलं.

एकतीस वर्षं मी शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होतो. माझ्या कपाटातली एकही बाटली कधी लेबलाशिवाय राहिली नाही. ती सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही, त्यामुळे दुधी असो की मिरची, नाव, तोडल्याची तारीख आणि वजन लिहिल्याशिवाय मी कुणाच्या हातात काही देत नाही. ग्रुपवर मला लेबलकाका म्हणतात. बायको म्हणते, माझ्या कपाळावर तेवढं लावायचं राहिलंय.

प्रयोगशाळेची दुसरी सवय अशी, की काहीही तोंडात घालायचं नाही. दर वर्षी नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी तेच दरडावून सांगायचो. सांगून सांगून ते माझ्याच हाडात मुरलं. मी फळ बघतो, वजन करतो, लिहितो. चाखते ती बायको.

"एक शिवणवाल्या ताईंना," मी म्हणालो. "एक बँकवाल्यांना. आणि एक..."

मी घड्याळाकडे बघितलं.

"सरांना?" बायकोनं विचारलं.

सर म्हणजे आमच्या शाळेचे विज्ञानाचे सर. चोवीस वर्षं आम्ही एकाच प्रयोगशाळेत काढली. ते प्रयोग सांगायचे, मी मांडायचो. आता ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, एकटे राहतात, आणि गेल्या वर्षीच्या तापात त्यांच्या जिभेची चव गेली ती गेलीच. "बरं झालं," ते म्हणतात, "आता मी कुणाच्याही घरी जेवू शकतो." कुणीतरी रक्तदाबावर चांगला म्हणून सांगितलं, तेव्हापासून ते रोज सकाळी साडेसातला उपाशीपोटी कच्च्या दुधीचा रस घेतात. आणि काल माझ्या हातून दुधी घेताना म्हणाले होते, "उद्या सकाळी तुझाच."

कडू दुधीचा रस म्हणजे काय ते मला माहीत होतं. धडधाकट माणूस त्यानं आडवा होतो. पण धडधाकट माणूस पहिल्या घोटालाच थुंकून टाकतो.

मी त्यांना फोन लावला. वाजत राहिला. त्यांना ऐकायला कमी येतं आणि फोन टेबलाच्या खणात असतो.

"ग्रुपवर टाका की," बायको म्हणाली. "शिवणवाल्या ताई त्यांच्याच बिल्डिंगमध्ये राहतात. पाहिल्याबरोबर धावत वर जातील."

मी लिहायला घेतलं. 'काल मी दिलेले दुधी' एवढं लिहिलं आणि अंगठा थांबला. वर कालचा फोटो होता. तीन दुधी ओळीनं, तिन्हींवर माझं लेबल. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'लेबलकाकांचा माल डोळे मिटून घ्यावा.' त्याखाली सतरा जणांचे अंगठे.

मी लिहिलेलं खोडलं. ताईंना वेगळा फोन करायलाही धजलो नाही.

"मी स्वतःच जातो. सायकलवर दहा मिनिटांचा तर रस्ता."

घोडं कुठे पेंड खातंय ते बायकोला कळलं होतं. तिनं नळ बंद केला.

त्या रस्त्यावर मी काय काय मागितलं, ते आठवलं की अजून घाम फुटतो. सर आज उशिरा उठू देत. त्यांचा मिक्सर बिघडू दे. वीज जाऊ दे. कुणीतरी गप्पा मारायला येऊन बसू दे. सिग्नलला थांबलो. साडेसातचं ऊन, पण पाठ ओलीचिंब झाली होती.

तळमजल्यावर शिवणवाल्या ताईंचं दार उघडं होतं, मशीन चालू होतं.

"ताई, तुमचा दुधी?"

"फ्रिजमध्ये आहे. का हो, काय झालं?"

"चिरू नका," म्हणालो आणि जिना चढलो. तिसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा दम इतका लागला होता की दार धरून उभा राहिलो. दार नुसतं लोटलेलं होतं. सर खुर्चीत पेपर वाचत बसले होते. समोर पेला होता. रिकामा. आत काठाला हिरवा फेस चिकटलेला.

"ये ये," सर म्हणाले. "आत्ताच तुझा दुधी संपवला."

"किती वेळ झाला, सर?"

"पाचेक मिनिटं. असा का उभा आहेस? बस की."

पाच मिनिटं. मी ते लिहिलेलं खोडलं नसतं तर ताईंना तीन मजले चढायला दोन मिनिटं पुरली असती. मी घाबरलो होतो हे खरं आहे. पण सरांसाठी घाबरण्याआधी मी माझ्या नावासाठी घाबरलो. हे सांगताना मला आजही लाज वाटते, आणि सांगितल्याशिवाय राहवतही नाही.

मी सगळं सांगितलं. सरांनी पेला उचलून उजेडात धरला आणि बघत राहिले, जणू अजून काही करता येणार होतं. मग त्यांना पहिली उलटी झाली.

माझ्या मागोमाग वर आलेल्या ताईंनी गाडी बोलावली. दुसरी उलटी गाडीत झाली. तिसरी इस्पितळाच्या दारात, आणि तिच्यात लाल होतं. सरांचा हात माझ्या हातात होता, थंडगार.

"काय घेतलं होतं यांनी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

सरांच्या ओट्यावर उरलेला अर्धा दुधी मी पिशवीत घालून आणला होता. तो टेबलावर ठेवला. लेबल जागेवर होतं. बाईंनी ते वाचलं. नाव, तारीख, वजन, सगळं नीट.

"हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"कडू आहे हे कळलं नाही?"

"चाखला नव्हता."

त्यांनी ते लिहून घेतलं. "रक्तदाब फार खाली गेलाय. आज काहीच सांगता येणार नाही."

बाहेरच्या बाकावर बसून मी ग्रुप उघडला. सकाळ आपली नेहमीसारखी चालली होती. कुणाचा मोगरा फुलला होता, कुणाच्या पिंपात पहिलं सूर्यफूल आलं होतं, कुणी सात भेंड्या हातावर मांडून दाखवल्या होत्या. त्यांच्या खाली मी लिहिलं, की माझे दुधी विषारी कडू निघाले, मी ते न चाखता वाटले, सर इस्पितळात आहेत, आणि हे मला सरांनी रस घेण्याआधीच कळलं होतं. शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. खोडलं नाही. पाठवलं.

त्या दिवशी मग एकही फूल कुणी टाकलं नाही.

थोड्या वेळानं बँकवाल्यांचा फोन आला. "काका, आम्ही कालच केला होता तो. कडू लागला, टाकून दिला. म्हटलं, तुम्हाला उगाच वाईट वाटेल, म्हणून बोललो नाही."

मी हो म्हणालो. त्यांच्यावर रागवायला तोंड कुठं होतं? तेही माझं नावच सांभाळत होते.

तो दिवस आणि पुढचा दिवस मी त्या बाकावर काढला. नर्स औषधाचा ट्रे घेऊन बाहेर आली तरी मी उठून उभा राहायचो. बायको आली, शेजारी बसली आणि म्हणाली, "वेल मी उपटून टाकला." तिच्या नखांत माती होती.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, धोका टळला. मी पडद्याशी जाऊन उभा राहिलो. सरांनी डोळे उघडले. तोंड एवढंसं झालं होतं.

"किती कडू होता रे?" त्यांनी विचारलं. "मला काही कळलंच नाही."

"मला माहीत नाही, सर. मी चाखलाच नव्हता."

त्यांनी डोळे मिटले. मी थोडा वेळ थांबलो आणि निघालो.

पुढच्या रविवारी शेडमध्ये जाऊ नये असंच वाटत होतं. बायको म्हणाली, "न जाऊन काय करणार? तोंड लपवायला घर पुरतंय का?" मी अकरा काकड्या तोडल्या, लेबलं लावली आणि गेलो.

कुणी वाकडं बोललं नाही. सगळ्यांनी विचारपूस केली. बाकीच्यांच्या टोपल्या रिकाम्या होत गेल्या. वांगी गेली, मिरच्या गेल्या, सदाफुलीची रोपं गेली. माझ्या टोपलीपाशी आलं की जो तो म्हणायचा, "काकड्या आहेत हो आमच्याकडे." बँकवाल्यांनी एक उचलली, हातात फिरवली आणि हळूच परत ठेवली. त्यांच्या जागी मीही ठेवली असती. पत्र्याखाली ऊन आलं तेव्हा टोपलीत अकराच्या अकरा होत्या. मी पिशवी उघडली.

तेवढ्यात शिवणवाल्या ताईंचा हात धरून सर आले. शुक्रवारीच घरी सोडलं होतं. सदरा अंगावर लोंबत होता. ते सरळ माझ्या टोपलीपाशी आले, एक काकडी उचलली आणि डोळ्यांपासून लांब धरून लेबल वाचलं.

"अक्षर चांगलंय अजून," ते म्हणाले. "सुरी आहे?"

होती. मी काकडी कापली, चकती सुरीच्या टोकावर त्यांच्यापुढे धरली.

"आधी तू."

सगळे आपापल्या टोपल्या सोडून जवळ आले होते. मी चकती तोंडात घातली. सर माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. परीक्षानळीतला रंग बदलतोय का, ते आम्ही दोघं असंच टक लावून बघायचो.

"गोड आहे, सर."

"आधी गीळ."

मी गिळली. सर आणखी थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी चकतीसाठी हात पुढे केला.