जायच्या खुणा

१९७४ साली आमच्या डोंगर मंडळानं स्लाव्हनिक डोंगराच्या खालची वाट बदलली, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मला आणि वोयकोला तिथं खुणा खरवडायला पाठवलं. मी तेव्हा टपाल कचेरीत होते, लग्न झालेलं नव्हतं, आणि रविवारी घरात बसायचा मला कंटाळा होता. वोयको रेल्वेत सांधेवाला. माझ्याहून बराच मोठा. खाली गावात मी त्याला ‘तुम्ही’ म्हणायची, पण डोंगर चढायला लागलं की आमच्याकडे सगळे एकमेकांना ‘तू’ म्हणतात, मग तो मंत्री असो की मेंढपाळ. त्यामुळे दर रविवारी शेवटचं घर मागे पडलं की वोयको माझ्यासाठी ‘तू’ व्हायचा आणि संध्याकाळी पुन्हा ‘तुम्ही’.

ही वाट देशाच्या दुसऱ्या टोकाला मारिबोरहून निघते, वाटेत येईल तो डोंगर चढत-उतरत शेवटी समुद्राला मिळते. काही जण ती सलग चालतात, बाकीचे वर्षानुवर्षं तुकड्यातुकड्यानं. आमच्या मंडळाकडे तिचा शेवटाकडचा तुकडा होता, जिथं डोंगर संपत येतात आणि चालणाऱ्याला पहिल्यांदा समुद्र दिसतो. खूण म्हणजे दगडावर किंवा झाडावर लाल कडं आणि आत पांढरा ठिपका. लाल वोयको काढायचा, पांढरा मी.

“पांढऱ्याला अक्कल लागत नाही,” तो म्हणायचा. “म्हणून तो तुझ्याकडे.”

जुनी वाट ग्राबोवेत्सच्या वाडीतून जायची. वाडीत सहा घरं, त्यातलं एकच उघडं. बाकीच्या घरांतली माणसं कुणी त्रिएस्तला, कुणी ऑस्ट्रेलियाला गेलेली. उघड्या घरात जुस्तिना मावशी राहायची, एकटी, एका बकरीसोबत. वाट तिच्या घराच्या आणि गोठ्याच्या मधून, सरळ अंगणातून जायची. आमचा डोंगर चुनखडीचा, पावसाचं पाणी पितो आणि एक थेंब वर ठेवत नाही. झरा नाही, ओढा नाही. तिच्या अंगणात मात्र दगडी टाकं होतं. तहानलेला माणूस तिथं थांबायचाच, आणि थांबला की मावशी त्याला नुसतं पाणी देऊन सोडायची नाही.

मग जंगल खात्यानं डोंगराच्या दुसऱ्या अंगानं सपाट रस्ता काढला. मंडळानं वाट तिकडून वळवली. सभेत कुणी हरकत घेतली नाही. जुस्तिनाला विचारावं असंही कुणाच्या मनात आलं नाही; वाट काही तिच्या नावावर नव्हती.

ऑगस्टअखेर, उन्हाळा सरताना, त्सेल्येचा एक दातांचा डॉक्टर बायकोसह आमच्या मंडळात आला. नाक उन्हानं सोललेलं, चेहरा रागानं लाल.

“तुमच्या खुणांनी आम्हाला एका म्हातारीच्या अंगणात नेऊन सोडलं,” तो म्हणाला. “आणि तिथं खुणा संपल्या.”

“मग?” आमचे अध्यक्ष सिल्व्हान यांनी विचारलं.

“मग काय, जेवलो.”

“आणि मग?”

“मग बाहेर पडायची वाटच सापडेना. झुडपांत नुसते गोल गोल फिरत राहिलो.”

“जेवण चांगलं होतं पण,” त्याची बायको म्हणाली.

सिल्व्हान औषधांच्या दुकानात बसून बसून नेमके झालेले. म्हणाले, “त्या खुणा आमच्या नाहीत. येत्या रविवारी खरवडून टाकू.”

रविवारी आम्ही गेलो. नवी वाट जिथं उजवीकडे वळते तिथंच, डावीकडच्या गडग्यावर पहिली खूण दिसली. आमच्या खुणा डोळ्यांच्या उंचीवर असतात; ही कमरेएवढ्या उंचीवर, कडं वाकडंतिकडं, आणि लाल असा गर्द की होडीच्या बुडाला लावतात तसा. वोयकोनं आतल्या ठिपक्यावरून बोट फिरवलं. बोट पांढरं झालं.

“चुना,” तो म्हणाला.

पुढच्या काही खुणांमधला चुना पावसानं धुऊन नेला होता. नुसती लाल कडी उरलेली, आत काही नाही. वोयको चालता चालता दर खुणेपाशी वळून मागे बघत होता. आमच्या कामातली पहिली गोष्ट हीच, खूण दोन्ही बाजूंनी असते. जाणाऱ्यालाही दिसली पाहिजे आणि उलट येणाऱ्यालाही. इथं मागच्या बाजूला काहीच नव्हतं. घरामागे समुद्राकडे जायची जुनी पाऊलवाट होती, तिच्यावरच्या आमच्या खुणा तर आम्हीच उन्हाळ्यात खरवडल्या होत्या.

मावशी तुतीच्या झाडाखाली घेवड्याच्या शेंगा सोलत बसली होती.

“आलात,” ती म्हणाली. “कुणाला तरी पाठवतील हे ठाऊक होतं. पण तुलाच पाठवतील असं नव्हतं वाटलं, वोयको.”

“मावशी, हे तू केलंस?”

“छे, बकरीनं केलं. तिला उद्योग नव्हता.”

“रंग कुठून आणला बकरीनं?”

“तिचा दीर इझोलाला मासे धरतो. होडी रंगवून उरला होता.” तिनं शेंगांची टोपली बाजूला ठेवली. “बसा. योता चुलीवर आहे. खरवडायचं ते पोटात काही पडल्यावर खरवडा.”

आंबट कोबीचा आणि घेवड्याचा तो घट्ट रस्सा ताटलीत पडेपर्यंत तिनं सगळं सांगून टाकलं. गेल्या हिवाळ्यात बुर्या सुटला होता. तो वारा आमच्याकडे कौलांवर दगड ठेवूनही कौलं नेतो. त्यात टाक्यापाशी बर्फावरून ती घसरली. घोटा मोडला. सरपटत घरात आली, पण चुलीत लाकूड सरकवायलाही उठता येईना. मीठ पोचवणारा माणूस चुकून आला म्हणून वाचली. तेव्हापासून तिची मुलगी नेवेंका कोपर शहरातल्या आपल्या घरी चल म्हणून मागे लागली होती. उन्हाळ्यात वाटेवरून माणसं जात तेव्हा मावशीपाशी उत्तर होतं, अगं रोज कुणीतरी येतंच की. वाट हलली आणि उत्तरही गेलं. नेवेंकानं नोव्हेंबरातल्या सेंट मार्टिनच्या सणापर्यंत मुदत दिली होती. तोवर रोज दारावरून कुणी जाणारं नसेल, तर बकरी विकायची आणि घराला कुलूप.

“वाईट नाही तिथं,” मावशी म्हणाली. “खोली दिलीय मला. खिडकी आहे. खिडकीतून समोरच्या बाईची भांडी दिसतात.” तिनं मान वळवली. अंगणाच्या कडेला डोंगर उतरत गेला होता आणि त्याच्यापलीकडे सगळा समुद्र पसरला होता.

वोयकोनं ताटली पुसून खाल्ली. “पण येणाऱ्यांच्याच खुणा केल्यास तू. जाणाऱ्यांच्या एकही नाही.”

“जायचं कुठून ते मी सांगते ना.”

“केव्हा?”

“जेवण झाल्यावर.”

“त्या दातांच्या डॉक्टरला नाही सांगितलंस.”

“सांगितलं होतं. तो म्हणाला, आजी, मला नकाशा वाचता येतो.” मग तिचा आवाज जरा उतरला. “खरं सांगू का, माझ्या ध्यानातच आलं नाही. मी ही वाट कधी चाललेय? इतकी वर्षं दारात बसून मला येणारेच दिसले. खुणा कशा करायच्या म्हणताना तेच डोळ्यांपुढे आलं.”

वोयको हसणाऱ्यांतला नव्हता. पण त्याची मिशी हलली.

तेवढ्यात फाटक वाजलं. नेवेंका आली होती, हातात दोन पिशव्या, खालच्या बसथांब्यापासून चढून आल्यानं घामाघूम. आमच्याकडचे तारेचे ब्रश तिनं बघितले.

“पुसायला आलात? बरं झालं. पुसा.”

“नेवेंका, आधी पाणी पी,” मावशी म्हणाली.

“पिते. तुम्हाला वाटेल, लेक दुष्ट आहे.” ती आमच्याशी बोलत होती, बघत मात्र आईकडे होती. “कारखान्यात डब्यांत मासे भरत असते मी. बाहेर बुर्या सुटला की माझे हात थांबतात. शेजारची बाई ढोसते, अगं भर. मला समोर डबा दिसतच नाही. ही फरशी दिसते आणि फरशीवर ही.”

मावशी शेंगांची टरफलं गोळा करायला लागली. ती आधीच नीट एका ढिगात होती.

वोयको उठला, ब्रश घेतला आणि फाटकाबाहेर गेला. मी नेहमी बरोबर असणारे रंगाचे डबे उचलून मागोमाग गेले. घरालगतच्या खुणेपाशी वाकून त्यानं आतला चुना घासून काढला, अगदी दगड लागेपर्यंत. लाल कडं तसंच ठेवलं. मग बाजूला सरकला.

“पांढरा,” तो म्हणाला.

“आणि सिल्व्हान?”

“सिल्व्हानना मी बघतो. पांढरा लाव.”

मी ठिपका भरला. नेवेंका कंबरेवर हात ठेवून उभी होती.

“हे काय चाललंय?”

“उन्हाळ्यात येतील माणसं,” वोयको म्हणाला. “पाणी इथंच आहे.”

“आणि हिवाळ्यात? जानेवारीत कोण येणार इथं, दातांचा डॉक्टर?”

“हिवाळ्याचं तुझं बरोबर आहे.” तो दुसऱ्या खुणेकडे गेला आणि घासत घासतच बोलला. “बुर्या झाला की वाटेवर झाडं पडतात. वाट मंडळाची असली की झाडं बघायला यावं लागतं. नसली तर कोण कशाला येईल?”

“दर बुर्यानंतर?”

“दर.”

“तू अंथरुणात पडलास तर?”

वोयकोनं मला न विचारता ब्रश माझ्याकडे केला. “ही येईल.”

माझे हात मनगटापर्यंत पांढरे झाले होते. मी मान डोलावली. तेवढ्यानं बांधली गेले, हे तेव्हा कळलं नाही, आणि कळल्यावर वाईटही वाटलं नाही.

नेवेंकानं कंबरेवरचे हात खाली घेतले. मग वोयकोला म्हणाली, “एकदा जरी चुकलात, तर मी गाडी घेऊन येईन. बकरीसकट नेईन.”

“बकरीला विचार आधी,” दारातून मावशी म्हणाली.

दुपारनंतर आम्ही जायच्या खुणा केल्या. मावशी डोक्याला रुमाल बांधून आमच्याबरोबर निघाली आणि होडीच्या रंगाचा डबा तिनं स्वतःकडे घेतला. घोटा अजून दुखत असणार, पण नेवेंकानं धरलेला हात तिनं दोनदा सोडवला. गोठ्याच्या मागून, पडक्या घरांच्या बाजूनं, मग ओकच्या झाडांतून. दर खुणेला वोयको मागच्या बाजूलाही एक खूण करायचा, आणि मावशी तिथं वाकून बघायची, म्हणायची, “हां, म्हणजे परत येणाऱ्याला.”

जिथं झाडं संपतात आणि वाट उताराला लागते तिथं शेवटची खूण केली. मावशीनं वळून बघितलं. वर तिचं घर दिसत होतं. कौलांवरचे दगड, तुती, धुराड्यातून निघणारा बारीक धूर.

“इथून असं दिसतं होय,” ती म्हणाली. आणि मग, “हे सगळे मागे वळून हात का करायचे, ते मला कधी कळलं नव्हतं.”

सिल्व्हान यांनी सभेत आम्हा दोघांना फैलावर घेतलं. पण जंगलाच्या त्या रस्त्यावर लाकडांचे ट्रक इतके वाढले की चालणारे आपण होऊनच अंगणातून जायला लागले. दोन-तीन वर्षांत नकाशावरही ती वाट परत आली, आणि सिल्व्हान शेवटपर्यंत सांगत राहिले की कल्पना त्यांचीच होती.

जुस्तिना मावशी त्याच घरात अनेक हिवाळे राहिली. बुर्या थांबला की वोयको किंवा मी जायचो. वाटेवर झाड पडलेलं असो वा नसो, आधी धुराडं बघायचो. एका मे महिन्यात मारिबोरचे तिघं चालणारे अंगणात पोचले तेव्हा ती टाक्याच्या कठड्याला टेकून बसली होती, बादली भरून शेजारी ठेवलेली. त्यांनी तिला घरात नेऊन निजवलं. एक जण खाली फोन करायला धावला, दोघं जवळ बसून राहिले. नेवेंका पोचली तेव्हा आई गेलेली होती. त्या दोघांना तिनं एकच विचारलं, ती काही बोलली का. ते म्हणाले, जेवलात का विचारत होत्या.

नेवेंकानं पुढे कुरणं विकली. घर आणि अंगण मात्र विकलं नाही. आता तिच्याही गुडघ्यांनी दगा दिलाय, पण तिची सून सणासुदीला वर जाते, टाकं साफ करते.

वोयको म्हातारपणी मुलाकडे गोरित्साला राहायला गेला, चौथ्या मजल्यावर. मी भेटायला गेले की चहा यायच्या आधीच त्याचा प्रश्न असायचा, जायच्या खुणा ताज्या आहेत ना. येणाऱ्यांच्या खुणांबद्दल त्यानं कधी विचारलं नाही. त्याला जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

मी पंच्याहत्तरी ओलांडलीय. ब्रश दुसऱ्यांकडे दिला. गेल्या उन्हाळ्यात भाचा मला गाडीनं फाट्यापर्यंत घेऊन गेला होता. गडग्यावरची पहिली खूण अजून कमरेएवढ्या उंचीवरच आहे. तेवढी खाली का, हे नव्या पोरांना ठाऊक नाही. ते आपले तिच्यावरूनच रंग देतात.