दिलेला हात

साइड द्यायचं म्हटलं की हरीओमच्या जिवावर यायचं. रिसोडच्या लाइनीवर त्याची काळी-पिवळी जीप पुढं असली, की मागच्यानं हॉर्न वाजवून वाजवून दमावं. हा आपला रस्त्याच्या मधोमध, जणू सासऱ्यानंच रस्ता आंदण दिलाय. पुढच्या फाट्यावरचे पॅसेंजर कोण उचलणार, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. मागं बहुतेक वेळा जगदेव असायचा, आणि तोही काही साधा नव्हता. जरा फट दिसली की जीप घुसवायचा, आणि एकदा पुढं गेला की मग तोही मधोमध.

पण एक गोष्ट दोघंही पाळायचे. पुलाअलीकडच्या वळणावर बाभळींमुळे समोरचं काही दिसत नाही. तिथं पुढच्या ड्रायव्हरनं उजवा हात खिडकीबाहेर काढून पुढं हलवला, की रस्ता मोकळा आहे, ये. लाइनीवर त्याला 'हात देणं' म्हणत. द्यायचा नसेल तर देऊ नये, पण दिलेला हात खरा असायचा. त्या हाताच्या भरवशावर भरलेल्या जीपा ट्रकांच्या तोंडासमोरून जायच्या.

सोयाबीन निघाल्यावर जवळच्या गावच्या जत्रेत मोकळ्या वावरात जीपच्या शर्यती ठेवल्या. बाकीचे कधीच मागं पडले, आणि शेवटच्या फेरीत राहिले हे दोघं. हरीओम पुढं, जगदेव त्याच्या बंपरला चिकटलेला. हरीओमनं त्याला डावीकडून दाबलं, उजवीकडून दाबलं, धूळ चारली, तरी पठ्ठ्या हटेना. वावराच्या कडेचा धुरा, मातीचा उंच बांध, जवळ आला, वळण आलं, आणि हरीओमचा उजवा हात खिडकीबाहेर गेला. पुढं हलला. ये.

धुळीत जगदेवला तो हात तेवढा दिसला. त्यानं सवयीनं जीप उजवीकडून काढली. हरीओमनं लगेच स्टिअरिंग फिरवून त्याची वाट बंद केली. जगदेवची जीप धुऱ्यावर चढली आणि आडवी झाली.

"काय हात दाखवला रे भाऊ!" म्हणत पोरांनी हरीओमला खांद्यावर घेतलं. ढाल मिळाली, गुलाल उधळला. तिकडं जगदेवला लोकांनी ओढून बाहेर काढलं. त्याचं उजवं मनगट मोडलं होतं. ते पोटाशी धरून तो गर्दीतून हरीओमपाशी आला.

"हात तं तुनंच देला होता," तो म्हणाला.

"शर्यत होती ना भाऊ. शर्यतीत सारं चालते."

"चालते," जगदेव म्हणाला, आणि निघून गेला.

दोन शिव्या हासडल्या असत्या, तर हरीओमला त्या रात्री झोप लागली असती.

शर्यतीत चालतं ते रस्त्यावर चालत नाही, हे त्याला पुढच्याच आठवड्यात कळलं. पुलाच्या वळणावर मागच्या जीपला त्यानं हात दिला, अगदी मनापासून. मागची जीप आली नाही. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला दिला, तोही मागंच राहिला. ज्यानं जन्मात कधी खुशीनं साइड दिली नाही तो माणूस आता हात बाहेर काढून हलवत बसायचा, आणि कुणी यायचं नाही. घरी ती ढाल टीव्हीवरून उचलून त्यानं कोठीत टाकली.

प्लास्टर निघाल्यावर जगदेव लाइनीवर परतला. मनगटाला पट्टी होती, त्यामुळे जीप हळू चालवायचा. एके सकाळी हरीओमला पुढं तोच सापडला. हरीओमच्या शेजारी गोजराबाई बसली होती, पायाशी सांभाराच्या जुड्या. बाजाराला उशीर होत होता, आणि तिचा जीव त्या कोथिंबिरीत अडकला होता.

"दामट ना रे लेका! सांभार सुकून राह्यला माहा."

पुलाचं वळण आलं. पुढच्या जीपच्या खिडकीतून पट्टी बांधलेला हात बाहेर आला. पुढं हलला. ये.

हरीओमनं गिअर बदलला, पाय ॲक्सिलरेटरवर ठेवला, पण दाबला नाही. तिकडून ट्रक येत असला तर? जगदेवच्या जागी आपण असतो, मनगट आपलं मोडलं असतं, तर आपण काय केलं असतं? उत्तर त्याला माहीत होतं. मागं जीप बायाबापड्यांनी गच्च भरलेली. त्यानं ब्रेक दाबला.

"काहून थांबला? त्यानं हात देला ना?"

"देला."

"मंग?"

पुढचा हात अजून हलत होता. मग जगदेवनं आरशात पाहिलं असावं; हात थांबला आणि सावकाश आत गेला.

बाभळी संपल्या. पुलापर्यंतचा रस्ता समोर आला, सरळ आणि रिकामा. त्यावर एक बकरीसुद्धा नव्हती.

"मोकळाच तं होता, बाप्पा," गोजराबाई म्हणाली. "जगदेव कायले खोटा हात देईन?"

पुढं सगळा रस्ता सरळ होता, कुठूनही पुढं काढता आली असती. हरीओम रिसोड येईपर्यंत जगदेवच्या मागंच राहिला.