दोऱ्याचं माप

गुलाबाच्या मळ्यात पाय दुखला की आमच्याकडे दुसरं निदानच नाही. काटा. त्यामुळे माझ्या नवऱ्याचा, सावळीरामांचा, पाय दुखायला लागला तेव्हा मीही तेच म्हणाले आणि सुई तापवून बसले. मखमलाबादच्या मळ्यात पस्तीस वर्षं मी या माणसाच्या पायातले काटे काढते आहे. माझा हात चुकत नाही, असा माझा समज होता.

करंगळीवर कडक फुगवटा होता आणि मधोमध पिवळसर दाणा. मला वाटलं, हेच काट्याचं टोक. टोकरलं, थोडं रक्त आलं, काटा काही आला नाही. आठ दिवसांनी पुन्हा टोकरलं. शेजारच्या यशोदाबाई बिब्बा तापवून लावायला सांगून गेल्या, तोही मी आणून ठेवला. साखरेचा आजार असलेल्या माणसाच्या पायाशी मी हे उद्योग करत होते.

एका दुपारी ते पाय पसरून पडले होते. माझं लक्ष दुसऱ्या पायाकडे गेलं. तिथेही करंगळीवर तसाच दाणा. दोन्ही पायांत नेमक्या एकाच जागी काटा कसा रुतेल?

"अहो, हे बूट चावतायत तुम्हाला."

"नाय."

"खोटं बोलू नका."

"हळू बोल," ते म्हणाले. घरात आम्ही दोघंच होतो. "पोरीनं पहिल्या पगारात आणलेत. चावतात म्हणून कसं सांगू तिला? व्हईल सवय."

सायली आमची एकुलती एक, पुण्याच्या एका दवाखान्यात नर्स आहे. दिवाळीला तिनं ते निळे बूट पाठवले आणि जन्मभर वहाणा घातलेला हा माणूस फुलबाजारातही बूट घालून जायला लागला. फोनवर तिला सांगायचे, "लय मऊ हायेत." पायाचं वाटोळं झालं तरी चालेल, पण पोरीला कळता कामा नये. मला त्यांचा राग आला, पण मी तरी कुठे तोंड उघडलं? माप मीच दिलं होतं. ते झोपलेले असताना हार गुंफायचा दोरा टाचेपासून अंगठ्यापर्यंत धरला, गाठ मारली आणि पाकिटात घालून पाठवून दिला.

रविवारी सायली आली. बाप बूट घालून दारात उभा. तिची पिशवी घेऊन ते चार पावलं चालले, तेवढं तिला पुरलं.

"नाना, बसा. बूट काढा."

"राहू दे गं, आत्ताच घातलेत."

"काढा म्हणते ना."

तिनं त्यांचा पाय मांडीवर घेतला. दाण्यावर बोट टेकवलं तसा त्यांनी श्वास ओढला. "आई, हा काटा नाही. हे कुरूप आहे. एकाच जागी दाब पडत राहिला की होतं." मग तिनं टाच दाबली, तिथे त्यांना काहीच दुखलं नाही. "आणि हा जाड, पसरट थर म्हणजे घट्टा. उद्या डॉक्टरांना दाखवायचं. तोवर सुई नाही, ब्लेड नाही. साखर आहे, तेव्हा औषधाच्या दुकानातली कुरूपाची पट्टीसुद्धा विचारल्याशिवाय नाही." एवढ्यात तिला कोनाड्यातला बिब्बा दिसला. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी तो मुकाट्यानं उचलून कचऱ्यात टाकला.

तिनं कोमट पाणी आणलं, आधी आपलं कोपर बुडवून पाहिलं, मग त्यांचे पाय धुतले. बोटांच्या बेचक्या कोरड्या केल्या, टाचांना खोबरेल लावलं. लेकीनं पाय धुतले म्हणून ते लाजून भिंतीकडे बघत राहिले.

"चावतात हे मला का नाही सांगितलंत?"

"तू आणलेत म्हणून," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

सायलीनं आपला पाय त्यांच्या पायाशेजारी ठेवला. तिच्या करंगळीवर तसाच जुना दाणा होता.

"दहावीला तुम्ही मला पांढरे सँडल आणले होते, नाना. वर्षभर चावले. एवढ्या हौसेनं आणलेत, मग कसं सांगणार?"

ते वाकून तिच्या करंगळीकडे बघत राहिले. मग त्यांनी सावकाश विचारलं, "त्या सँडलचं माप कोणी घेतलं व्हतं?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. हार गुंफायच्या दोऱ्याचं रीळ माझ्या मांडीवरच होतं.

"लांबी तर बरोबर होती," मी म्हणाले आणि मला रडूच आलं.

सायली हसली. तिनं जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि त्यांना दोन्ही पायांवर भार टाकून उभं केलं. मी झोपेत मापलेला तो पाय उभं राहिल्यावर केवढा पसरला. तिनं पेन्सिलीनं त्याची कड आखून घेतली आणि कागद घडी करायला उचलला.

"थांब," ते म्हणाले. त्यांनी पेन्सिल तिच्या हातातून घेतली आणि गुडघे टेकून खाली बसले. "आता तू उभी ऱ्हा."

ते सावकाश तिच्या पायाभोवती रेघ ओढत गेले. करंगळीपाशी आल्यावर त्यांनी पेन्सिल जराशी बाहेरून वळवून नेली.