उजव्या बुटाचा राग

मी एक जुना बूट आहे, उजव्या पायाचा. मित्रांनो, माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. माझ्या मालकाचा मला राग आहे आणि तो लपवण्याचे कारण मला दिसत नाही.

कारखान्यात मला जाड, मऊ तळ मिळाला, तो चालण्यासाठीच. मालक मात्र घड्याळे दुरुस्त करणारा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत डोळ्याला भिंग लावून स्टुलावर बसलेला. त्याच्या रक्तातली साखर वाढली, उजव्या पायाचा अंगठा बधिर झाला. "रोज चाला, नाहीतर हा पाय गमवाल," असे डॉक्टरीणबाईंनी बजावले. त्याच दिवशी त्याने बुटांच्या दुकानातला सर्वांत महाग जोड उचलला आणि घरी थोरल्या बहिणीला म्हणाला, "ताई, घेतले बघ बूट! उद्यापासून चालणं सुरू."

तो उद्या दीड वर्ष उगवला नाही.

मी माळ्यावर खोक्यात पडून राहिलो. शेजारी रस काढायचे यंत्र होते, पोट कमी करायचा पट्टा होता, गंजलेली डंबेल्स होती. सगळी याच उत्साहात आणलेली. वस्तू घरात आली की काम फत्ते, असे मालकाला वाटे. पाहुणे आले की मला खाली काढून दाखवी. "भारीतले आहेत," म्हणे. माझ्या अंगाची लाही लाही होई.

त्याचे घड्याळांचे दुकान चालत वीस मिनिटांवर, तरी तो महिन्याच्या बोलीवर ठरवलेल्या गाडीने जाई. एके दिवशी अनवाणी फिरताना त्याच्या अंगठ्यात खिळा घुसला. त्याला कळलेही नाही. फरशीवर रक्ताचे ठसे ताईने पाहिले. पाय वाचला, पण जखम भरायला दोन महिने लागले.

ती भरली त्या सकाळी ताईने दारातच गाडीवाल्याला सांगितले, "आजपासून येऊ नका."

मालक लालबुंद झाला. "मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"असतास तर कानाला धरून चालवलं असतं. घरखर्च माझ्या हातात आहे. तुझ्या बुडाच्या सोयीवर आता एक पैसाही सुटणार नाही."

"मग दुकान बंद ठेवतो!"

"ठेव. गिऱ्हाइकांना कारण तूच सांग."

त्याने माझे खोके टराटरा फाडले, पाय आत खुपसला आणि माझा गळा आवळावा तशा नाड्या आवळल्या. मग निघाला दातओठ खात. वाटेतला प्रत्येक दगड त्याने माझ्या नाकाने उडवला. तीन आठवडे ताईशी बोलला नाही. हिला दाखवतोच, एवढ्याच हट्टाने चालत राहिला. मी चिखल खाल्ला, घाम प्यालो. मला कुणी पुसलेसुद्धा नाही.

पण महिने गेले तसा त्याचा अडखळणारा पाय सरळ पडू लागला. साखर उतरली. घरी येऊन म्हणाला, "हे तुझ्यामुळे नाही हं. माझी जिद्द!"

"बरं," ताई म्हणाली. "तीच जिद्द घेऊन भाजीही आण."

मित्रांनो, मला माळ्यावर जपले होते ती काळजी नव्हती, तो अपमान होता. एखादी सवय बदलायची असेल तर नव्या वस्तूवर उड्या मारू नका. जुनी सवय कोणत्या खर्चावर जगते ते आधी शोधा, आणि तिचे अन्नपाणी तोडा. घेतलेली वस्तू झिजू द्या. आणि हो, अधूनमधून पुसत जा!

परवा माझा तळ उचकटला. मालक मला कोपऱ्यावरच्या बूट शिवणाऱ्या काकांकडे घेऊन गेला. काकांनी मला उलटेपालटे केले. "फेका आता. नवे घ्या."

मालकाने मला पुन्हा काकांपुढे सरकवले.

"नको काका," तो म्हणाला. "मी स्वतःला ओळखतो. नवे आणले की मी ते माळ्यावर ठेवीन. याच जोडाला नवा तळ ठोका. मी इथेच थांबतो. मला चालत घरी जायचंय."

काकांनी दाभण उचलले. मला फार दुखले. पण त्या दिवशी मी मालकाला पहिल्यांदाच शिवी दिली नाही.