कडकरावांचा अंगठा

कडकरावांच्या लॉन्ड्रीतून डाग घेऊन बाहेर पडलेलं कापड आजवर कुणी पाहिलं नव्हतं. शाई, गंज, नवरा-बायकोच्या भांडणात फेकलेला चहा, सगळं निघायचं. त्यामुळे उजव्या पायाच्या अंगठ्याखाली जखम झाली आणि मधुमेहापायी चार महिने हटेना, तेव्हा त्यांनी तिलाही डागाच्याच रांगेत बसवलं. सकाळ-संध्याकाळ पट्टी सोडायची, फेस येणारं औषध ओतायचं आणि कापसाने खसाखसा पुसायचं. पायाची जाणीव गेल्यामुळे दुखतही नसे. जखम आरशासारखी लख्ख होती, फक्त भरत नव्हती.

शेवटी सर्जननी तारीखच दिली. "दोन आठवड्यांत लहान झाली नाही, तर अंगठा काढावा लागेल."

अंगठ्याविना दिवसभर इस्त्रीच्या टेबलाशी उभं कसं राहायचं, हे विचारायची छाती कडकरावांची झाली नाही.

ड्रेसिंगच्या खोलीत सिस्टरने मोजपट्टी लावली. "बावीस मिलिमीटर. मागच्या खेपेलाही बावीसच. घरी करता काय?"

"स्वच्छता," कडकराव छाती फुगवून म्हणाले.

"दिवसातून दोनदा," बायकोने पुस्ती जोडली. "माझं बोट भाजलं तेव्हा साधी फुंकर घातली नव्हती."

सिस्टरने कपाळाला हात लावला. "अहो, जखमेच्या ओलाव्यात बारीक प्रथिनं असतात. पेशींचे निरोप्येच समजा. एक सांगतं, जंतू मारायला या. दुसरं सांगतं, इथे नव्या रक्तवाहिन्या टाका. तिसरं कडेच्या कातडीला म्हणतं, सरक पुढे. आणि तुम्ही दोन वेळा निरोप्यांनाच धुऊन काढता. मग कामाला येणार कोण?"

"म्हणजे तो मळ नव्हता?"

"ओलं दिसलं की मळ, हे तुमच्या दुकानात."

तिने मेलेली कातडी काढली आणि एक मलम दिलं. त्यात असलंच एक प्रथिन होतं, प्रयोगशाळेत तयार केलेलं. ते फ्रिजमध्ये ठेवायचं, दिवसातून एकदा सलाईनने हलकेच धुऊन पातळ थर लावायचा, अंगठ्यावर भार येणार नाही अशी चप्पल घालायची आणि साखर ताब्यात ठेवायची. बाकी हात लावायचा नाही.

हात न लावणं कडकरावांच्या घराण्यात कुणाला जमलं नव्हतं. फेसाची बाटली बायकोने थेट माहेरी धाडली. पाचव्या दिवशी ती दुकानात आली, तर नवरा टेबलामागे पट्टी सोडून बसलेला, हातात डाग काढायच्या द्रावणात बुडवलेला कापूस.

"नुसता बघतोय," कडकराव म्हणाले.

"बघा. अंगठा असेतो बघून घ्या."

कडकरावांनी पट्टी नीट बांधली आणि तोच कापूस एका गिऱ्हाइकाच्या कॉलरवर इतका घासला की कॉलर विरली. दुकानाच्या इतिहासातली ती पहिली नुकसानभरपाई. त्यांनी ती हसत दिली.

चौदाव्या दिवशी सिस्टरने दोनदा मोजलं. "तेरा."

सर्जननी मोजपट्टी स्वतः लावून पाहिली. आकडा तेराच्या वर जायला तयार नव्हता. त्यांनी पेन काढून ऑपरेशनच्या तारखेवर आडवी रेघ मारली. "माझ्या सल्ल्याचा गुण आला म्हणायचा."

"यांनी काहीच केलं नाही, त्याचा गुण आहे," बायको म्हणाली. "उभ्या जन्मात पहिल्यांदाच."

दहाव्या आठवड्यात कडेची गुलाबी कातडी चहूबाजूंनी सरकत मधोमध येऊन भेटली. सिस्टरने मोजपट्टी आणली, जखम शोधली आणि पट्टी परत खिशात घातली. कडकराव खुर्चीवरून उतरले आणि फरशीवर दहाही बोटं टेकवून ताठ उभे राहिले.