मापाच्या वहीतलं निनावी गिऱ्हाईक

आजारातून उठलेल्या माणसाला आधी काय विचारावं? बरं वाटतंय का, असं विचारावं. पण आपण काय करतो? त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळतो आणि म्हणतो, "केवढी सुटलीस गं!" जणू त्या बाईच्या घरी आरसाच नाही आणि ती आपण येऊन सांगण्याची वाट बघत बसली होती.

या गोष्टीतली सासू हे दिवसातून चारदा म्हणायची.

सासूचा शिवणकामाचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, भिंतीला लागून आठ मशिनं, मधोमध कापायचं टेबल आणि रस्त्याच्या बाजूला काउंटर. शाळांचे शर्ट, नर्सचे कोट, हॉटेलातल्या वाढप्यांची जाकिटं, सगळं तिथं शिवलं जायचं. नवरा गेला तेव्हा घरात एक मशीन होतं, बाकीची सात तिनं आणली. शाळा चौथीपर्यंतच झालेली. पण माणूस दारातून आत येईपर्यंत तिनं त्याच्या छातीचं माप डोळ्यांनीच घेतलेलं असायचं. मग टेप लावायची ती टेप बरोबर आहे की नाही ते बघायला! सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत, आणि ते तिला आवडायचं.

सून कटिंग करायची. कापडाचे चाळीस थर एकावर एक अंथरायचे, वरच्या थरावर खडूनं आखायचं आणि विजेच्या कटरनं एका दमात कापत जायचं. कटरचं पातं वीतभर उभं. हात हलला तर चाळीस शर्ट वाया, बोट आडवं आलं तर बोट गेलं. सुनेचा हात कधी हलत नसे. असा हात शहरात दुसरा नाही, असं सासू बाहेर सांगायची. घरात नाही सांगायची. घरात सांगितलं तर डोक्यावर बसतात, असं तिचं मत.

या सुनेला दोन वर्षांपूर्वी लागोपाठ तीन फिट्स आल्या. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या चालू केल्या, सकाळी एक आणि रात्री एक. वर्षभर कटरला हात लावायचा नाही, असं बजावलं. वर्ष सुखरूप गेलं, डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि सून पुन्हा टेबलापाशी उभी राहिली. गोळीनं फिट पळवून लावली. पण त्याच गोळीनं भूक वाढवली आणि अंगावर पंधरा किलो वजन आणून ठेवलं.

आता बघा गंमत. फिट येत नाही, हे कुणाच्या डोळ्याला दिसत नाही. वजन मात्र आंधळ्यालाही दिसतं.

"पुरे आता," डबा खाताना सासू म्हणायची. "शिवण उसवेल."

गिऱ्हाईक म्हणायचं, "तुमच्या सुनेला घर मानवलंय हो मास्तरीणबाई!"

"मानवलंय? अहो, अजून एक मजला चढवतेय ती," सासू म्हणायची, आणि सगळी खोली हसायची. सूनही हसायची. न हसून सांगते कुणाला?

सुनेचा नवरा सगळं ऐकायचा आणि गठ्ठे स्कूटरवर बांधून माल पोचवायला निघून जायचा. भला माणूस, पण आईसमोर त्याचा आवाज निघत नसे.

खोलीत एकच बाई सासूला घाबरत नव्हती. काजं करणाऱ्या मावशी. तीस वर्षं शर्टाला काजं करून आणि बटणं लावून त्यांची बोटं वाकली होती, पण कणा ताठ होता.

"मास्तरीण, कात्र्यांबरोबर जिभेलाही धार लावून आणतेस का गं? गोळीचा परिणाम आहे तो."

"गोळीचा? एवढीशी गोळी, तिच्यात पंधरा किलो मावतात?"

"तुझ्या एवढ्याशा जिभेत केवढं मावतं, तेही कुणाला खरं वाटत नाही."

सासू हसली, पण ऐकलं नाही. उलट दुसऱ्याच दिवशी तिनं सुनेला सांगितलं, "काउंटरला तू नको उभी राहूस. लोक आपल्याकडे कपडा अंगावर कसा बसतो ते बघून येतात. तू आतच बरी."

सून "बरं आई" म्हणाली आणि आत गेली. त्या दिवसापासून ती गप्प झाली. सासूला वाटलं, वळण लागलं.

मग दोनेक महिन्यांनी एका मंगळवारी टेबलावर शाळेच्या शर्टांचे चाळीस थर होते. कटर घुमत होता. मध्येच त्याचा आवाज बदलला, घुर्र करून चिरकला आणि थांबला. सासूनं मान वर केली. आखलेली खडूची रेघ सरळ गेली होती आणि काप मात्र हातभर वाकडा, थेट पाठीच्या भागात घुसलेला. सुनेचा चेहरा पांढरा पडला होता.

"काय केलंस हे?"

"हाताला हिसका बसला, आई. आपोआप."

"आपोआप? लक्ष कुठं होतं? चाळीस पाठी गेल्या की गं!"

सून बटण बंद करून आतल्या खोलीत जाऊन बसली.

संध्याकाळी बाकीच्या बाया गेल्यावर सासू आणि मावशी नासलेल्या कापडातून काय वाचतंय ते बघत बसल्या. लहान मापाची मुलं असली तर त्यांच्या पाठी त्यातून निघणार होत्या. म्हणून सासूनं मापाची वही काढली. पानं उलटता उलटता ती शेवटच्या पानावर गेली आणि तिचं बोट अडलं.

"हे कोण गिऱ्हाईक? नाव नाही. कापड नाही, काय शिवायचं ते नाही, द्यायची तारीख नाही."

नऊ नोंदी होत्या, नऊ रविवारच्या. दर वेळी तीच मापं आणि दर वेळी कंबर पाव इंचानं कमी. कापड न देता नुसतंच माप देऊन जाणारं गिऱ्हाईक सासूनं जन्मात बघितलं नव्हतं. तिनं चष्मा पुसला आणि कंबर सोडून खांद्याकडे बघितलं. डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच उतरता. कंबर बदलते, पोट बदलतं, पण खांद्याचं हाड कुणाला फसवत नाही. हा खांदा तिनं स्वतः किती वेळा शिवला होता!

"अगं, ही तर आपली सून!" सासू म्हणाली आणि काय सांगावं, तिला आनंद झाला. "नऊ आठवड्यांत दोन इंच उतरली की बया! बोलले त्याचा परिणाम झाला बघ."

मावशींनी वही ओढून घेतली. "उतरली खरी. पण कशानं?"

"कशानं म्हणजे? कमी खाते."

"कमी तर ती सहा महिन्यांपासून खाते, तुझ्या भीतीनं. तेव्हा वजन हललं नाही. नऊ आठवड्यांपूर्वी असं काय नवीन झालं?" मावशींनी टेबलावरच्या वाकड्या कापाकडे बोट दाखवलं. "आणि आज हाताला हिसका का बसला?"

सासूनं त्या वाकड्या कापाकडे बघितलं. ती उठून तरातरा आतल्या खोलीत गेली.

"गोळ्या दाखव."

सून पलंगाच्या कडेला बसली होती. तिनं उशीखालून बटणांची डबी काढली आणि उघडून पुढे केली. डबीत अर्ध्या अर्ध्या गोळ्या होत्या, दोरा कापायच्या कात्रीनं नीट मधोमध कापलेल्या. कटिंग करणारीचा हात तो, अर्धं म्हणजे अगदी अर्धं.

"सकाळची घेतच नाही," सून म्हणाली. "रात्रीची अर्धी घेते."

"वेड लागलं का तुला? फिट आली असती म्हणजे? त्या पात्यासमोर? अगं, हात गेला असता, जीव गेला असता!"

सुनेनं पहिल्यांदा मान वर केली. "आई, फिट आली तर सगळे एकदा घाबरतात आणि पाणी घेऊन धावतात. जाड आहे म्हणून मात्र रोज हसतात. मला काउंटरला उभं राहायचं होतं."

सवयीप्रमाणे सासूनं दुसऱ्यावर घसरायला सुरुवात केली. "ती डॉक्टरीण! असली कसली गोळी देते? उद्या तिच्या दारात जाऊन..."

"डॉक्टरणीचं नंतर बघू," दारातून मावशी म्हणाल्या. "आधी हे सांग, हिला गोळी अर्धी कर असं कुणी सांगितलं?"

"मी? मी कधी सांगितलं?"

"रोज सांगितलंस. जेवताना सांगितलंस, गिऱ्हाइकासमोर सांगितलंस. मास्तरीण, चाळीस वर्षं कपडे शिवतेस. गिऱ्हाईक जाड होऊन आलं, जुना कपडा बसेना, तर तू काय कापतेस? नवीन कापड कापतेस की गिऱ्हाईक?"

सासू डबीतल्या अर्ध्या गोळ्यांकडे बघत राहिली.

"सांग की! आणि घरच्या पोरीला मात्र कापत सुटलीस!"

जिनं कोणाच्या बापाचं ऐकलं नव्हतं, त्या सासूच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिनं कुणाला दिसू दिलं नाही. डबीचं झाकण लावलं आणि म्हणाली, "ऊठ. चप्पल घाल. दवाखाना अजून उघडा असेल."

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. हाताला हिसका बसला ते ऐकून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ती फिटचीच सुरुवात होती. नशीब चांगलं म्हणून हातावर निभावलं. ही गोळी मनानं कमी करायची नाही, सोडायची तर मुळीच नाही. आज रात्रीपासून कशी घ्यायची ते मी लिहून देते."

"आणि वजनाचं काय?" सासूनं विचारलं. "त्यानं तर हे रामायण झालं!"

"या गोळीनं काहींची भूक वाढते आणि खाल्लेलं अंगाला लागतं. तुमच्या सुनेची त्यात काही चूक नाही. खाण्यात काय बदलायचं, किती चालायचं ते ठरवता येतं. दुसरी गोळीही आहे. जुनी हळूहळू कमी करत नवी हळूहळू वाढवायची, माझ्या नजरेखाली. वजन सगळं उतरेलच असं मी सांगणार नाही. पण उपाय आहेत."

"मग हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

डॉक्टरीणबाई जरा थांबल्या. "सांगायला हवं होतं. चुकलं माझं. पण हिनंही कधी विचारलं नाही."

"विचारणार होते," सून खाली बघत म्हणाली. "पण दर वेळी आई बरोबर असायच्या."

सासूनं पदराऐवजी टेपच हातात गुंडाळला. तो ती गळ्यातून काढायला विसरली होती.

सुनेचा कटर पुन्हा बंद झाला. निदान सहा महिने, आणि पुढचं तपासून ठरवायचं. आखणी सुनेनं करायची आणि कटर दुसरीनं चालवायचा, असं ठरलं. सुनेला ते लागलं, पण ती रडली नाही. "हात शाबूत आहेत, सहा महिने जातील," म्हणाली.

माफी मागणं सासूच्या स्वभावात नव्हतं. तिनं सकाळी सुनेला टेबलापाशी उभं केलं, टेप लावला आणि मापं मोठ्यानं न ओरडता मुकाट्यानं लिहिली. नाव लिहिलं, कापड लिहिलं, तारीख लिहिली. चार दिवसांत दोन जोड शिवले. वजन उतरल्यावर होतील असे नाहीत आणि पूर्वी व्हायचे तसेही नाहीत. आजच्या अंगाला आज बसतील असे! आणि सगळ्या बायांसमोर म्हणाली, "उद्यापासून काउंटर हिचा. इथं कुणी हिच्या अंगावरून बोललं तर तिचं मशीन मी विकीन. मी बोलले तर माझं."

"तुझं कोण घेणार?" मावशी म्हणाल्या. "फार आवाज करतं ते."

महिनाभरात हॉटेलची मॅनेजर बाई वाढप्यांच्या जाकिटांची ऑर्डर घेऊन आली. सुनेला बघून म्हणाली, "अगंबाई! केवढी भरलीय हो सून!"

सगळी मशिनं थांबली. सासूच्या जिभेवर असं काही आलं की त्या बाईनं जन्मात जाकीट घातलं नसतं. पण सून आधी बोलली. शांतपणे, वही उघडता उघडता.

"हो, भरलेय. फिटची गोळी घेते मी. तिनं वजन वाढतं आणि तिनंच मी उभी आहे. जाकिटं किती करायची?"

मॅनेजर बाईचा चेहरा उतरला. जाकिटांचा आकडा सांगायचं सोडून ती काउंटरवर वाकली आणि हळूच म्हणाली, "माझ्या बहिणीलाही गोळ्या आहेत. मनाच्या आजाराच्या. तिचंही वजन वाढलं, मी चेष्टा करायचे. पंधरा दिवसांपूर्वी तिनं सोडल्या म्हणे. झोपतच नाही आता."

"सोडल्या?" सून काउंटरच्या बाहेर आली. "डॉक्टरांना सांगितलंय?"

"नाही."

"मग तुम्ही इथं काय करताय? तिला घेऊन डॉक्टरांकडे जा. ओरडू नका तिच्यावर. वजनाचं दुखणंही डॉक्टरांना सांगायचं असतं, एवढंच तिला सांगा. तिला सुचत नसेल तर तुम्ही सांगा."

"आणि ऑर्डर?"

"वाढपी दोन दिवस जुनी जाकिटं घालतील!" सासू मागून कडाडली. "निघा आधी!"

बाई निघाली. अर्ध्या रस्त्यातच तिनं फोन कानाला लावलेला खिडकीतून दिसला.

तर मंडळी, सांगायचं ते एवढंच. ज्या गोळीनं माणूस उभं आहे, ती कुणाच्या हसण्यापायी अर्धी करू नका आणि सोडू तर अजिबात नका. अंगाला काही मानवत नसेल तर ते डॉक्टरला सांगा, लाजू नका, पुन्हा विचारा. दोन गोष्टी विचारल्यानं कुणी हाकलून देत नाही. आणि आपण जे बघणारे आहोत, त्यांनी दुसऱ्याच्या अंगाकडे बघून तोंड उघडायच्या आधी ते मिटूनच ठेवावं. समोरचा माणूस कशाशी झगडून तुमच्यापुढे उभा आहे, ते तुम्हाला ठाऊक नसतं. उभा आहे ना? मग खुर्ची पुढे करा, आणि त्याचं काम विचारा.