खिडकीसमोरचे अशोक

माळी जितेंद्रने पहिली खुंटी ठोकली, सुतळी ताणली आणि दुसरी कुठे घ्यायची म्हणून वर पाहिलं.

"अजून थोडी डावीकडे घे, भाऊ," देवकीताई पायरीवरून म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "त्या खिडकीच्या बरोब्बर समोर आली पाहिजे."

जितेंद्रने मान वळवली. रस्त्यापलीकडच्या जुन्या घराची खिडकी उघडी होती. आत उशीला टेकलेलं एक पांढरं डोकं इकडेच पाहत होतं.

"म्हातारी पाहून राहिली ना आपल्याकडे."

"दिवसभर पाहते ती," देवकीताई म्हणाल्या आणि पदर सारखा करून आत गेल्या.

अशोकाची रोपं कुंपणाच्या आत रांगेने ठेवलेली होती, उभ्या माणसाएवढी. भिंतीवर कालपासून रंगाचे तीन ठिपके होते. पियुषने, देवकीताईंच्या मुलाने, गडद राखाडी पसंत केला होता. दूधवाला सकाळी थांबून म्हणाला होता, "काकू, वांगं भाजल्यावानी दिसून राहिलं." पण पियुषच्या मोबाइलमध्ये घराचं चित्र तयार होतं. राखाडी भिंत, पांढरी चौकट, समोर हिरवा उंच पडदा. दिवाळीच्या आत हे सगळं उरकायचं होतं.

देवकीताईंना रंगाचं फारसं नव्हतं. त्यांना पडदा हवा होता. बेसा वस्तीत हे घर झालं तेव्हापासून समोरची ती नजर हललेली नव्हती. आधी दर्शनी भिंतीवरची फरशी निखळली. मग पियुषचं जमत आलेलं लग्न मोडलं. मुलीकडच्यांनी कारणही सांगितलं नाही. देवकीताई कोणाबद्दल वाईट बोलत नसत. एक दिवस बाजारातून काळ्या राक्षसाचा मुखवटा आणून त्यांनी खिडकीच्या रोखाने टांगला, इतकंच.

आज द्वादशी होती. कालचा उपवास सोडण्याआधी कोणाला तरी जेवायला द्यायचं, हा त्यांचा नेम. ताट दर वेळी चौकीदार ईश्वरदासला जाई. आज तो गावी गेला होता. शेजारच्या दाराला कुलूप होतं. पुढच्या घरचे लोक मनीषनगरला लेकीकडे गेलेले. ताट झाकून देवकीताई फाटकाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. द्वादशीला तुळस खुडत नाहीत म्हणून आधीच काढून ठेवलेलं पान भातावर होतं. शेवटी त्यांनी रस्ता ओलांडला.

दार प्रणालीने, म्हातारीच्या सुनेने, उघडलं. तिने ताटाकडे पाहिलं, मग देवकीताईंकडे, आणि आत हाक दिली.

"आई, कोण आलं पाहा."

"मले दिसली ना, रस्त्यावरच दिसली," आतून आवाज आला. "ये वं बाई. रोज पाहते तुले, पन तोंड आज धड दिसलं."

जनाबाईंचा पलंग खिडकीला लागून होता. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या उठल्या नव्हत्या. देवकीताईंनी ताट स्टुलावर ठेवलं.

"द्वादशीचं आहे. एवढं घ्या."

"घेते ना. तू जेवली?"

"तुम्ही घेतल्यावर."

"म्हनजे आज माह्यामुळं तू उपाशी," जनाबाई हसल्या. "नाहीतर तुह्यामुळं मी असते. तुले ताप आला की मले उपास पडते."

देवकीताईंना कळलं नाही. तेव्हा प्रणालीने खिडकीच्या कट्ट्यावरची स्टीलची वाटी आणि चमचा उचलून दाखवला. वाटीत थोडं पाणी होतं.

"काकू, तुम्ही सकाळी तुळशीले पाणी घालता ना, तव्हा आई इकडून चमच्यानं या वाटीत घालतात. ते पाणी मग मी तुमच्या फाटकाजवळच्या जास्वंदाले टाकते. आईनं तसं सांगितलं आहे."

जास्वंदाच्या बुडाची माती रोज ओली असते, हे देवकीताईंनी पाहिलं होतं. पियुष घालत असेल, असं त्या समजत होत्या.

"देवघर आमचं माडीवर," जनाबाई म्हणाल्या. "मले तिथं नेणार कोण? मी म्हनलं, देव समोरच आहे की. तुही घंटी वाजली की हात जोडते. तू पाणी घातलं की घालते, मंगच खाते. तू गावाले गेली का माहा नेम चुकला."

"आणि तो..." देवकीताईंचं लक्ष आपल्याच घरावरच्या काळ्या मुखवट्याकडे गेलं.

"तो काळतोंड्या? पयले भेव वाटलं. मंग म्हनलं, बिचारा रात्रंदिवस रखवाली करून राहिला. त्यालेबी एक नमस्कार करते."

प्रणाली तोंडाला पदर लावून हसली. देवकीताई हसल्या नाहीत. त्यांनी पलंगाची कड घट्ट धरली होती.

"तिथून नाही दिसत," जनाबाई म्हणाल्या. "माह्या उशाशी बस. मान थोडी खाली घे. आता पाह."

देवकीताईंनी मान खाली घेतली.

घर त्यांचंच होतं, पण त्यांनी ते कधीच असं पाहिलं नव्हतं. सूर्य मागच्या बाजूला होता, त्यामुळे भिंत, गच्ची, नळ, ते तीन ठिपके, सगळं आपल्याच सावलीत शांत बसलं होतं. फक्त घराशेजारच्या बोळीतून उन्हाची एक अरुंद पट्टी येत होती आणि अंगणात दुसरीकडे कुठेही न सांडता थेट तुळशीवर पडत होती. पानं आतून पेटल्यासारखी दिसत होती. मंजिऱ्यांवर सकाळच्या पाण्याचे थेंब अजून होते. वृंदावनाची कड सोन्याच्या तारेसारखी झाली होती. तुळशीला पाठीशी काहीतरी असावं म्हणून मागे घर बांधलं असावं, असं ते दिसत होतं.

त्यांचे हात आपोआप जुळले.

"हे असं रोज होतं?"

"ढग असले तर नाही. थंडीत पट्टी सरकते, दारावर जाते. या दिवसात अशीच."

"आम्हाला कधी दिसलं नाही."

"तुमी आत असता ना. घर तुमचं, पाहाचं काम माह्याकडं." जनाबाईंनी भाताचा घास घेतला. जन्मभर उमरेडी लुगड्यांचे काठ विणलेली त्यांची बोटं हवेत हलली. "एक सांगू का? तो राखट रंग नोको लावू. तुळस त्यात बुडते. तो पिवळट आहे ना, त्याच्यावर हिरवं कसं उठून येते पाह. बाकी तुमची मर्जी. आणि हे झाडं लावून राहिले ते बरं आहे. सावली होईन."

शेवटचं वाक्य त्यांनी जरा घाईने म्हटलं. मग त्या ताटात पाहू लागल्या.

घरी परतल्यावर देवकीताईंनी पारणं केलं. जितेंद्रला त्यांनी खड्डे घेणं थांबवायला सांगितलं.

पियुष दुकानातून आला तो संध्याकाळीच. उपटलेल्या खुंट्या पाहून त्याने आधी जितेंद्रला फोन लावला, मग आईकडे वळला.

"काहून थांबवलं? तूच म्हणत होती ना, खिडकी झाकली पाहिजे म्हणून."

"मी म्हणत होते."

"मग?"

"मागे लाव ती झाडं. इथे गुडघ्याएवढं काहीतरी लाव. शेवंती लाव. आणि भिंतीला तो पिवळट रंग."

"आई, समोरून घर उघडं पडते. पूर्ण लूक जाते. आणि रंगही बदलाचा म्हणते. कोणी सांगितलं तुले?"

"जनाबाईंनी."

पियुष हसला, पण रागाने. "ज्याच्यासाठी पडदा लावून राहिलो, त्यालेच विचारून आली."

देवकीताईंनी ओल्या फडक्याने निरांजन पुसलं, वात ठेवली.

"एकदा तिथून पाहून ये," त्या म्हणाल्या. "मग तू म्हणशील तसं."

"जातोच. त्यांनाच चित्र दाखवतो मोबाइलमधलं. म्हणजे त्याही समजतील."

फाटक जोरात लागलं. देवकीताईंनी त्याच्या पाठीकडे पाहिलं नाही. अंधार उतरत होता. बाहेर येऊन त्या तुळशीपाशी उभ्या राहिल्या, रोजच्या जागी, रस्त्याकडे पाठ करून आणि पूर्वेकडे तोंड करून. निरांजन वृंदावनात ठेवलं. घंटी वाजवली.

मागे, रस्त्यापलीकडे, सगळं शांत होतं. पियुषचा आवाज येईल, वाद होईल, म्हणून त्या कान देऊन होत्या. डोळे मिटून त्यांनी स्तोत्र सुरू केलं. निम्म्यापर्यंत आल्या असतील, तेव्हा खिडकीतून पियुषची हाक आली. त्याने आवाज बराच खाली ठेवला होता, देवळात बोलावं तसा.

"आई, थोडी बाजूले सरक. आजीले दिसून नाही राहिलं."